रंग बदलणारा तारा : ओळख आणि पारख

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत आकाश निरभ्र असते आणि रब्बीच्या पिकांना पाणी देण्यासाठी अनेक शेतकरी रात्री उशिरापर्यंत शेतावर असतात. अशा वेळी पूर्वेच्या बाजूस, झाडांच्या शेंड्यांच्या थोडा वर, एक अत्यंत तेजस्वी प्रकाशबिंदू दिसू लागतो. क्षणात तो तांबडा होतो, क्षणात हिरवा, तर लगेच निळसर पांढरा. त्यातून ठिणग्या उडत असाव्यात असाही भास होतो. हे विमान असावे असे प्रथम वाटते. परंतु विमान एका जागी थांबत नाही. हा तारा असावा असे म्हणावे, तर इतर तारे असे रंग बदलताना दिसत नाहीत. मग हे आहे तरी काय, असा प्रश्न दरवर्षी अनेकांना पडतो.

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा अगदी साधे असते. तो व्याधाचा तारा असतो, आणि रंग बदलण्याची क्रिया त्या ताऱ्यावर घडत नसून पृथ्वीभोवतीच्या हवेत घडत असते. हे एकदा ध्यानी आले की आकाशातील अनोळखी दिव्यांची पारख करणे कोणासही अवघड नाही. त्यासाठी मोठी दुर्बीण लागत नाही. दिशा, वेळ आणि थोडा धीर एवढीच साधने पुरतात.

सीमेवरील दोन दिवे

आकाशातील दिवे ओळखण्याचा विषय केवळ कुतूहलाचा नाही. त्याला किती गंभीर स्वरूप येऊ शकते, हे लडाखमधील एका घटनेवरून दिसून येते. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात चीनलगतच्या प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर, पँगाँग सरोवराच्या परिसरात पहारा देणाऱ्या भारतीय जवानांना आकाशात तेजस्वी वस्तू वारंवार दिसू लागल्या. एक वस्तू सायंकाळी उगवून रात्रभर दिसत असे, तर दुसरी पहाटेच्या सुमारास येत असे. जवानांनी अशा ३२९ नोंदी केल्या. त्यांपैकी १५५ प्रसंगी ती वस्तू सीमा ओलांडून आत आल्याचे त्यांना वाटले. शेजारी राष्ट्राकडून टेहळणीसाठी मानवरहित विमाने पाठविली जात असावीत, असा संशय निर्माण होणे त्या परिस्थितीत स्वाभाविक होते.

लष्कराने या प्रकरणी घाई केली नाही, ही गोष्ट विशेष नमूद करण्यासारखी आहे. बंगळूर येथील भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांचे साहाय्य घेण्यात आले. या संस्थेची वेधशाळा लडाखमध्येच, हानले येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे. दिव्यांच्या वेळा, दिशा आणि ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवरील त्यांचे स्थान यांचा पडताळा घेण्यात आला आणि त्या दोन वस्तू म्हणजे गुरू आणि शुक्र हे ग्रह होत, असा निष्कर्ष निघाला. त्या उंचीवरील विरळ व स्वच्छ हवेत हे ग्रह अधिकच तेजस्वी दिसतात. २०१३ च्या जुलै महिन्यात ही हकीकत वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली.

दक्ष आणि प्रशिक्षित जवानांनाही जेथे अशी शंका आली, तेथे सामान्य नागरिकांचा संभ्रम होणे मुळीच लाजिरवाणे नाही. मात्र संभ्रम दूर करण्याचा मार्ग कोणता, हे या घटनेने स्पष्टपणे दाखवून दिले आहे. दिव्याचे रंगरूप किंवा त्याचे तेज पाहून निर्णय घेता येत नाही. त्याची वेळ, दिशा आणि गती यांच्या नोंदीवरूनच तो घ्यावा लागतो.

रंग येतात कोठून?

ताऱ्यांना स्वतःचे रंग असतात हे खरे. ज्येष्ठा, रोहिणी आणि मृगातील काक्षी हे तारे तांबूस दिसतात, कारण त्यांचे पृष्ठभाग तुलनेने थंड आहेत. व्याधाच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ९,९०० केल्विन असल्याने तो निळसर पांढरा दिसतो. परंतु हे रंग सेकंदासेकंदाला बदलत नाहीत. ताऱ्यांमधील खरे बदल बहुधा संथ असतात. २०१९ च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत काक्षीचे तेज लक्षणीय प्रमाणात कमी झाले आणि पुढे ते पूर्ववत झाले. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या द्रव्यापासून तयार झालेला धुळीचा ढग आड आल्याने तसे झाले, असे संशोधनातून दिसून आले. या घडामोडीस काही महिने लागले. म्हणून एखादा दिवा एका क्षणात तांबड्याचा हिरवा होत असेल, तर त्या बदलाचे कारण ताऱ्यावर न शोधता वाटेत शोधले पाहिजे.

ही वाट म्हणजे पृथ्वीचे वातावरण. हवेचे थर कोठे उष्ण तर कोठे थंड असतात आणि ते सतत हलत व मिसळत असतात. उष्ण हवा विरळ आणि थंड हवा दाट असल्यामुळे प्रकाशकिरण एका थरातून दुसऱ्या थरात जाताना किंचित वळतात. यालाच वक्रीभवन म्हणतात. तापलेल्या डांबरी रस्त्यावरून किंवा चुलीच्या धगीतून पलीकडची वस्तू थरथरताना दिसते, ती याच कारणाने. ताऱ्याचा प्रकाश अशा असंख्य हलत्या थरांतून येत असल्याने डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण क्षणोक्षणी कमीअधिक होते आणि तारा लुकलुकतो. सर आयझॅक न्यूटन यांनी १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात ताऱ्यांच्या लुकलुकण्याचा संबंध हवेच्या कंपनाशी जोडला होता आणि उंच पर्वतांच्या माथ्यावरील शांत हवेत निरीक्षणे अधिक चांगली होऊ शकतील, असे सुचविले होते. हानलेसारख्या उंच ठिकाणी वेधशाळा बांधण्यामागे आजही हा विचार असतो.

आता रंगांचे कारण पाहू. काचेच्या लोलकातून जाताना पांढऱ्या प्रकाशाची सात रंगांत फोड होते, कारण निळा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक वळतो. या क्रियेस अपस्करण म्हणतात. पृथ्वीचे वातावरण हे फार दुबळ्या लोलकासारखे वागते. क्षितिजाजवळच्या ताऱ्याचा निळा आणि तांबडा प्रकाश एकाच डोळ्यात शिरत असला, तरी तो वरच्या हवेतून किंचित वेगळ्या वाटांनी आलेला असतो. या वाटांत कोठे काही बोटांचे, तर कोठे हातभर अंतर पडते. साहजिकच तांबड्या किरणांना एक हवेचा भोवरा भेटतो आणि निळ्या किरणांना दुसरा. एखाद्या क्षणी तांबडा प्रकाश डोळ्यापर्यंत अधिक पोहोचतो, तेव्हा तारा तांबडा दिसतो. पुढच्याच क्षणी हिरव्याची किंवा निळ्याची पाळी येते. अशा रीतीने एकाच पांढऱ्या ताऱ्याचे घटक रंग आळीपाळीने दिसू लागतात.

क्षितिजाजवळच हा खेळ का?

डोक्यावरचा तारा शांत आणि क्षितिजाजवळचा तारा अस्वस्थ का दिसतो, याचे उत्तर हवेच्या जाडीत आहे. माथ्यावरील ताऱ्याच्या प्रकाशाला जेवढी हवा ओलांडावी लागते तिला एक पट मानले, तर क्षितिजापासून ३० अंश उंचीवरील ताऱ्याच्या प्रकाशाला सुमारे दोन पट, १० अंशांवर साडेपाच पटींहून थोडी अधिक आणि प्रत्यक्ष क्षितिजावर सुमारे ३८ पट हवेतून यावे लागते. वाट जितकी लांब, तितके अडथळे अधिक आणि रंगांची फोडही अधिक. म्हणून रंग बदलणारे तारे बहुधा उगवताना किंवा मावळताना दिसतात.

याची खात्री स्वाती या नारिंगी छटेच्या ताऱ्यावरून सहज करून घेता येईल. मार्चच्या अखेरीस रात्री आठच्या सुमारास स्वाती पूर्वेस, किंचित उत्तरेकडे, उगवतो. त्या वेळी तो चांगलाच लुकलुकतो आणि त्यात रंगांच्या ठिणग्या दिसतात. हाच तारा मेच्या अखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास महाराष्ट्रातून जवळजवळ डोक्यावर आलेला दिसतो. त्या वेळी त्याचे तेज स्थिर आणि रंग एकसारखा असतो. तारा तोच; बदलली ती केवळ मधल्या हवेची जाडी.

ग्रहांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तारे इतके दूर आहेत की ते केवळ बिंदूसारखे दिसतात. एका अंशाचा ३,६०० वा भाग म्हणजे एक विकला. चंद्रबिंबाचा व्यास सुमारे १,८०० विकला भरतो. गुरूचे बिंब ३० ते ५० विकला आणि शुक्राचे सुमारे १० ते ६० विकला. याउलट व्याधाचा व्यास एका विकलेच्या सुमारे सहा सहस्रांश इतकाच भरतो. ग्रहाचे बिंब म्हणजे जणू असंख्य बिंदूंचा समूह. त्यातील एक बिंदू मंदावला, तर त्याच क्षणी दुसरा उजळतो आणि एकूण तेज सारखे राहते. म्हणूनच, स्थिर तेजाने तळपतो तो ग्रह आणि लुकलुकतो तो तारा, ही शाळेत शिकविली जाणारी खूण बव्हंशी खरी ठरते. मात्र क्षितिजाच्या अगदी जवळ असताना, विशेषतः हवा अस्थिर असल्यास, शुक्रासारखा ग्रहही रंगाच्या छटा दाखवितो. लुकलुकणे हा एकच पुरावा मानून चालत नाही, तो यामुळेच.

महाराष्ट्राच्या आकाशातील रंगीत तारे

महाराष्ट्रातून पाहताना रंग बदलणारे म्हणून ज्यांच्याविषयी शंका येण्याचा संभव असतो, असे तारे फार नाहीत. त्यांची ऋतुवार ओळख करून घेतली, तर निम्म्याहून अधिक कोडी सुटतील.

यांत अग्रमान व्याधाचा. पृथ्वीपासून सुमारे ८.६ प्रकाशवर्षे अंतरावरील हा तारा रात्रीच्या आकाशातील सर्व ताऱ्यांत तेजस्वी आहे. त्याची प्रत उणे १.४६ आहे. (प्रतीचा आकडा जितका लहान, तितके तेज अधिक.) तो मूळचा पांढरा असल्याने त्याच्या प्रकाशात सर्व रंग भरपूर असतात, आणि तेजस्वी असल्याने ते रंग डोळ्यांना ओळखू येतात. मंद ताऱ्यांतही हीच क्रिया घडते, परंतु अपुऱ्या प्रकाशात डोळ्यांना रंग कळत नाहीत. डिसेंबरच्या प्रारंभी रात्री नऊच्या आणि जानेवारीच्या प्रारंभी सायंकाळी सातच्या सुमारास व्याध पूर्वेच्या थोडा दक्षिणेस उगवतो. मृगनक्षत्रातील एका ओळीतील तीन तारे सर्वांच्या परिचयाचे आहेत. ती ओळ डावीकडे खाली, म्हणजे आग्नेयेच्या रोखाने वाढविली की ती व्याधापाशी पोहोचते. रंग बदलणारा दिवा या रेषेवर असेल, तर पुढील शोध करण्याचे कारण उरत नाही. एप्रिल-मे महिन्यांत हाच तारा रात्रीच्या पहिल्या प्रहरात पश्चिमेस मावळताना पुन्हा रंग दाखवितो.

व्याधाच्या या रूपाने प्राचीन निरीक्षकांचेही लक्ष वेधले असावे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात होऊन गेलेला ज्योतिर्विद टॉलेमी याने व्याधाची गणना चक्क तांबूस ताऱ्यांत केली आहे. पांढऱ्या ताऱ्यास तांबूस का म्हटले, यावर विद्वानांनी बराच खल केला. क्षितिजाजवळ दिसणाऱ्या रंगांच्या खेळामुळे तसे झाले असावे, हे त्यावरील एक संभाव्य उत्तर होय.

दुसरा तारा अगस्त्य. तेजाच्या बाबतीत व्याधाच्या खालोखाल याचा क्रम लागतो. विंध्य ओलांडून दक्षिणेकडे गेलेल्या अगस्त्य ऋषींची कथा प्रसिद्ध आहे. त्यांच्या नावाचा हा ताराही दक्षिणेचाच आहे. मुंबईहून पाहता तो क्षितिजापासून जास्तीत जास्त १८ अंशांपर्यंत वर येतो. नागपूरहून सुमारे १६ अंश, तर गोव्यातून सुमारे २२ अंश. कायमच क्षितिजाच्या आसपास राहावे लागत असल्याने महाराष्ट्रात त्याचे लुकलुकणे जवळजवळ अटळच आहे. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास ठीक दक्षिणेस, व्याधाच्या बऱ्याच खाली दिसणारा तेजस्वी तारा म्हणजे अगस्त्य. कोकण किनाऱ्यावर समुद्राच्या बाजूस आणि सह्याद्रीच्या डोंगरमाथ्यांवर तो एखाद्या दूरच्या दिव्यासारखा भासतो.

तिसरा ब्रह्महृदय. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री आठ-साडेआठच्या सुमारास ईशान्येस खालच्या बाजूला हा पिवळसर तारा तांबड्या-हिरव्या छटांनी चमचमताना दिसतो. दिवाळीच्या आसपास आकाशकंदील आणि शोभेच्या दारूच्या गर्दीत त्याच्याविषयी गैरसमज होण्याचा विशेष संभव असतो. याखेरीज डिसेंबरात सायंकाळी वायव्येस मावळणारा अभिजित, ऑक्टोबरात पश्चिमेस मावळणारा स्वाती आणि मेच्या प्रारंभी रात्री नऊच्या सुमारास आग्नेयेस उगवणारा तांबडा ज्येष्ठा हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहेत.

शुक्र आणि गुरू

शुक्र हा सूर्य आणि चंद्र यांच्या खालोखाल तेजस्वी ज्योती होय. तो सूर्यापासून ४७ अंशांहून अधिक दूर जात नाही. त्यामुळे तो एक तर सूर्यास्तानंतर पश्चिमेस किंवा सूर्योदयापूर्वी पूर्वेस दिसतो. महाराष्ट्रातून मध्यरात्री तो कधीही दिसत नाही. एवढी एकच गोष्ट माहीत असली, तरी पुष्कळ शंका मिटतात. मावळतीला आलेल्या शुक्रावर हवेतील धुळीमुळे तांबूस छटा येते आणि तो घाटापलीकडे उतरणाऱ्या विमानासारखा भासतो. गुरू शुक्रापेक्षा कमी तेजस्वी, परंतु व्याधापेक्षा अधिक तेजस्वी असतो आणि वर्षातील काही महिने तो रात्रभर दिसू शकतो. साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून पाहिल्यास त्याच्या दोन्ही बाजूंस एका ओळीत त्याचे चार मोठे चंद्र बारीक ठिपक्यांसारखे दिसतात. मंगळाचा तांबूस रंग स्थिर असतो.

हलणारे दिवे

जे दिवे स्पष्टपणे सरकताना दिसतात, त्यांचा विचार निराळा करावा लागतो. विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाशी तांबडा, उजव्या पंखाच्या टोकाशी हिरवा आणि शेपटीशी पांढरा दिवा असतो. शिवाय ठरावीक अंतराने लुकलुकणारे दिवे असतात. येथे उघडझाप नियमित असते, तर ताऱ्याच्या रंगबदलास कोणताही ताल नसतो. विमान सरळ निरीक्षकाच्या रोखाने येत असेल, तर त्याचा पुढील दिवा काही मिनिटे एका जागी थांबल्यासारखा दिसतो. मात्र अल्पावधीतच त्याचे स्थान बदलते आणि बहुधा आवाजही ऐकू येतो.

कृत्रिम उपग्रह सूर्याच्या प्रकाशाने उजळतात. म्हणून ते मुख्यतः सूर्यास्तानंतरच्या आणि सूर्योदयापूर्वीच्या एक-दोन तासांत दिसतात. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरील आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक अशा वेळी न लुकलुकता पाच-सहा मिनिटांत आकाश ओलांडते, आणि पृथ्वीच्या सावलीत शिरताच आकाशाच्या मध्यावर असतानाही दिसेनासे होते. मे २०१९ पासून स्टारलिंक योजनेचे उपग्रह समूहाने सोडले जाऊ लागले. प्रक्षेपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ते एका ओळीत जाणाऱ्या दिव्यांच्या माळेसारखे दिसतात.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून वैज्ञानिक प्रयोगांसाठी मोठे फुगे सोडण्यात येतात. ते ३० ते ४० किलोमीटर उंची गाठतात. जमिनीवर अंधार पडू लागला तरी इतक्या उंचीवर ऊन असते. त्यामुळे असा फुगा संधिप्रकाशात पांढरा चमकतो, हळूहळू तांबूस होतो आणि मग विझल्यासारखा दिसेनासा होतो. हा रंगबदल संथ असतो, ही त्याची खूण. या फुग्यांची उपकरणे हवाईछत्रीच्या साहाय्याने खाली येतात आणि ती महाराष्ट्राच्या हद्दीतही उतरू शकतात. अशी पेटी आढळल्यास ती न उघडता पोलिसांना कळविणे आवश्यक आहे.

तासाभराची पारख

अनोळखी दिवा दिसताच पुढील क्रमाने निरीक्षण केल्यास बहुतेक वेळा निर्णय होतो.

पहिली गोष्ट, घड्याळात पाहून वेळ आणि दिशा टिपून ठेवावी. हात पूर्ण लांब करून मूठ वळली असता मुठीची रुंदी आकाशात सुमारे १० अंश भरते. त्या मापाने दिव्याची क्षितिजापासूनची उंची मोजावी.

दुसरी गोष्ट, एका जागी उभे राहून दिवा भिंतीच्या कडेशी, विजेच्या खांबाशी किंवा रोवलेल्या काठीच्या टोकाशी जुळवून घ्यावा. अंधारात एकाकी दिव्याकडे टक लावून पाहिले असता तो स्थिर असला तरी हलतो आहे, असा भास प्रत्येकास होतो. खुणेशी जुळवून पाहिल्याशिवाय हालचालीविषयी काहीही सांगू नये.

तिसरी गोष्ट, तासाभराने त्याच जागेवरून पुन्हा पाहावे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणून पूर्वेकडील तारा तासात सुमारे दीड मूठ सरकून वर चढतो, पश्चिमेकडील तितकाच खाली उतरतो. दिवा आजूबाजूच्या ताऱ्यांसह सरकला असेल, तर तो आकाशस्थ ज्योती आहे. वर चढताना त्याचे रंग कमी कमी होत गेले, तर कोणतीही शंका उरत नाही.

चौथी गोष्ट, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहावे. तारे दररोज सुमारे चार मिनिटे लवकर, म्हणजे महिन्याला सुमारे दोन तास लवकर उगवतात. दुसऱ्या रात्री तो दिवा चार मिनिटे आधी त्याच जागी आला, तर तो तारा होय. मानवनिर्मित यंत्र असे वेळापत्रक पाळणार नाही.

घरात द्विनेत्री दुर्बीण असल्यास आणखी एक गमतीदार प्रयोग करता येतो. क्षितिजाजवळच्या व्याधाकडे पाहताना दुर्बीण हलकेच हलवावी. बिंदूऐवजी एक प्रकाशरेषा दिसते आणि तिच्यावर तांबडे, हिरवे, निळे मणी ओवल्यासारखे रंग दिसतात. जे रंग डोळा एकामागून एक पाहत होता, ते येथे एकाशेजारी एक मांडले जातात. शाळांतील विज्ञान मंडळांना हा प्रयोग करण्यासारखा आहे.

अफवा आणि नागरिकांची जबाबदारी

आकाशात सर्वच काही नेहमीचे असते असे मात्र नाही. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, विदर्भासह महाराष्ट्राच्या अनेक भागांत आणि शेजारच्या राज्यांत पेटत्या गोळ्यांची रांग आकाशातून जाताना लोकांनी पाहिली. त्यानंतर चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले आढळले. पृथ्वीच्या वातावरणात परत शिरलेल्या एका चिनी अग्निबाणाचे ते अवशेष असावेत, असे मत तज्ज्ञांनी व्यक्त केले. ग्रामस्थांनी प्रशासनास कळविल्यामुळे ते अवशेष ताब्यात घेऊन त्यांची तपासणी करता आली.

२०२४ च्या पावसाळ्यात पुणे, बीड आणि इतर काही जिल्ह्यांतील गावांवर रात्री ड्रोन फिरत असल्याच्या वार्तांनी भीती पसरली. चोरटे टेहळणी करतात, अशा समजुतीने ठिकठिकाणी गावकऱ्यांनी रात्री पहारे दिले. ड्रोन ही वस्तू खरी आहे. तिच्या वापराविषयी २०२१ सालचे नियमही आहेत. परंतु भीतीचे वातावरण एकदा तयार झाले की उगवता व्याध, मावळता शुक्र आणि उडता ड्रोन यांतील भेद उरत नाही. मग वाटसरू, फिरस्ते किंवा परगावचे लोक यांच्याकडे संशयाने पाहिले जाते आणि एका चुकीच्या समजुतीची किंमत निरपराध माणसास मोजावी लागण्याचा धोका संभवतो.

हा धोका टाळणे गावातील जाणत्यांच्या हाती आहे. दिवा दिसताच भ्रमणध्वनीवरून संदेश पाठविण्यापूर्वी एक तास थांबावे. तासाभरात तो ताऱ्यांबरोबर सरकला, तर भिण्याचे कारण नाही. तो खरोखरच ताऱ्यांशी विसंगत रीतीने फिरत असेल, घिरट्या घालत असेल किंवा खाली उतरत असेल, तर वेळ, दिशा आणि उंची यांच्या नोंदीसह पोलीस ठाण्यास किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. नुसत्या 'लाल-हिरवा दिवा दिसला' या तक्रारीपेक्षा अशी नोंद तपासाच्या दृष्टीने कितीतरी उपयुक्त ठरते. दिव्याच्या रोखाने दगड वा अन्य काही फेकणे, तसेच केवळ संशयावरून कोणास अडविणे कटाक्षाने टाळले पाहिजे.

गावातील शिक्षक, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि तरुण मंडळांचे कार्यकर्ते यांनी वर्षातून चार वेळा, प्रत्येक ऋतूत एक, अशा रात्री ठरवून मुलांना आणि प्रौढांना व्याध, अगस्त्य, ब्रह्महृदय, स्वाती, शुक्र आणि गुरू यांची ओळख करून दिली, तर त्यासाठी एक पैसाही खर्च होणार नाही. मृगाचा पाऊस आणि हस्ताचा पाऊस नक्षत्रांवरून ओळखणाऱ्या शेतकरी समाजाला हे ज्ञान परके वाटण्याचे कारण नाही. ज्या गावातील दहा माणसे व्याध ओळखू शकतात, त्या गावात त्याच्या रंगांवरून उठलेली अफवा फार काळ टिकणार नाही.